ठाण्यातली नृत्यरचनेची कार्यशाळा: पैसे वसूल, गुडघे सोडून

नौपाड्यातल्या एका नृत्यवर्गाने शनिवार-रविवार कार्यशाळा ठेवली होती. विषय भारदस्त: स्त्रीवादी कलावतींकडून नृत्यरचनाकाराने काय घ्यावं. मी घोडबंदर रोडला सोसायटीच्या हॉलमध्ये भरतनाट्यम शिकवते. गणपती, शाळेची गॅदरिंग, अरंगेत्रम (शिष्येचा पहिला जाहीर कार्यक्रम), सगळं बसवते. वर्षानुवर्षं तेच अलारिपु, तेच जतिस्वरम (भरतनाट्यमच्या ठरलेल्या सुरुवातीच्या रचना) बसवून कंटाळा आला होता, म्हणून नाव घातलं.

आधी गाऱ्हाणी. तिसरा मजला, लिफ्ट बंद. खाली लाकूड नाही, टाइल्सवर सतरंजी. सतरंजीवर तट्टडवू (पाय आपटण्याचा पहिला धडा) करून बघा, पाय मुरगळलाच म्हणून समजा. शेवटी आम्हीच ती गुंडाळून भिंतीला लावली. प्रोजेक्टर दर वीस मिनिटांनी रुसायचा. ‘साहित्य दिले जाईल’ म्हणजे दोन झेरॉक्स. चहा मात्र झकास होता.

पहिला दिवस परदेशाचा आणि सकाळ नुसती घाईची. अमेरिकेतल्या आधुनिक नृत्यवाल्या मार्था ग्रॅहमचं १९३० चं ‘लॅमेंटेशन’ (बाकावर बसलेली, कापडाच्या नळीत गुरफटलेली बाई) डोळ्यांसमोरून गेलं आणि संपलं. माहिती काय, घरी यूट्यूबवरही मिळते.

खरी गंमत दुपारी आली, यव्होन रेनरपाशी. न्यूयॉर्कच्या या नृत्यरचनाकार बाईने १९६५ मध्ये लिहून टाकलं होतं की देखावा नको, कसबाचं प्रदर्शन नको, प्रेक्षकाला भुरळ घालणं नको. पुढच्याच वर्षी तिचं ‘ट्रायो ए’ आलं. पाचेक मिनिटांचा नाच, मध्ये कुठे थांबणं नाही, कळस नाही, आणि नाचणारी प्रेक्षकांच्या नजरेला नजर देतच नाही. शिकवणाऱ्या ताईंनी आम्हाला सांगितलं, तुमच्या रोजच्या अडवूंची (मूळ पदन्यासांची) एक माळ घ्या आणि याच अटींवर करा. हसू नाही, समेवर झटका नाही, समोर बघणं नाही.

आता आमचं सगळं शिक्षणच ‘यतो हस्तस्ततो दृष्टिः’वर, म्हणजे जिथे हात तिथे नजर यावर, उभं. नजर काढून घेतली तर उरलं काय? तर उरलं वजन. नाट्टडवूत टाच पुढे टेकताना माझा सगळा भार उजव्या कमरेवर जातो, हे मला तेव्हा दिसलं. चेहरा काम करत असला की हे झाकून जातं. माझ्या शेजारची कथकवाली तर वैतागली, ‘मग प्रेक्षकांनी यायचं कशाला?’ प्रश्न रास्त आहे. ताईंनी उत्तर द्यायचं टाळलं, ते मला आवडलं नाही.

मग पिना बाऊश. १९७३ पासून जर्मनीतल्या वुपर्टालमध्ये नृत्यकंपनी चालवलेली. स्त्रीवादी हा शिक्का तिला स्वतःला फारसा रुचत नसे, हे ताईंनी आधीच सांगितलं, बरं केलं. ती नर्तकांना स्टेप देण्याआधी प्रश्न विचारायची आणि उत्तरांतून नाटक उभं करायची. आम्हाला प्रश्न आला: तुम्ही अंग चोरून कुठे बसता? बोलायचं नाही, करून दाखवायचं. एकीने लेडीज डब्यातली चौथी सीट केली. अर्धी मांडी हवेत, पर्स पोटाशी, मान बाहेर. कोणी हसलं नाही. एका काकूंनी जेवणाचं टेबल केलं. त्या बसल्याच नाहीत.

दुसरा दिवस आपल्याकडच्या नृत्यरचनाकार चंद्रलेखांचा, आणि माझ्या मते फी तिथेच वसूल. त्या १९२८ साली वाड्यात जन्मल्या. आता पालघर जिल्ह्यात गेलेलं, पण तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यातलंच वाडा. आम्ही सगळ्या ठाणेकर आणि हे एकीलाही ठाऊक नव्हतं. १९५२ मध्ये मद्रासला रायलसीमा दुष्काळनिधीसाठी त्या नाचल्या. रचनेत यमुनेची जलक्रीडा, पाण्याची लयलूट. नाचता नाचता त्यांना दुष्काळातल्या भेगाळलेल्या जमिनीची छायाचित्रं आठवली. ती विसंगती पुढे आयुष्यभर त्यांच्या कामात राहिली. १९८५ च्या ‘अंगिका’त त्यांनी भरतनाट्यमशेजारी कलरीपयट्टू (केरळची युद्धकला) आणि योग आणून ठेवला, देव-नायक-विरहिणी बाजूला सारली. त्यांच्याच ‘श्री’मध्ये पाठीचा कणा मोडल्यागत वाकून चालणाऱ्या बायका आहेत. आम्ही तशा वाकून हॉलच्या टोकापर्यंत गेलो आणि मणका मणका सुटा करत उभ्या राहिलो. मग अरमंडीत (गुडघे बाहेर वळवून अर्धं बसणं) बसवून ताई इतक्या सावकाश मोजत होत्या की मांड्या लटलटायला लागल्या. एरवी अरमंडी म्हणजे मला पुढच्या हालचालीआधीची तयारी. इथे तीच अख्खी हालचाल होती.

घरी येऊन मी लगेच कामाला लागले. माझ्याकडे मुलींसाठी यमुनाकाठच्या गोपींची एक रचना आहे, घागरी, लचकत चालणं, सगळं. आपल्याच जिल्ह्यात शहापूरला भातसा आणि तानसा ही धरणं, त्यांचं पाणी मुंबईला, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर. आता त्या मुली तीच घागर घेऊन येतात, पण भरलेल्या घागरीचं वजन मानेत आणि कमरेत धरून. लचक गेली. ‘मुली दमल्यासारख्या का दिसतायत?’ असं एका आईने विचारलंच. दिसू देत.

फी थोडी जास्त वाटली. निदान विशारदपर्यंत शिकलेल्यांनी जावं, नवशिक्यांना काही हाती लागणार नाही. लावणीतल्या बायकांबद्दल चकार शब्द नव्हता, ठाण्यात बसून हे खटकलं. अभिप्रायाच्या कागदावर तसं लिहून आलेय. पुढची तुकडी दिवाळीनंतर आहे म्हणतात. जाणार असाल तर नी-कॅप न्या आणि फरशीचं काय केलंत ते आधी फोन करून विचारा.