अर्का रक्षक टमाटा: मर लागलेल्या वावरातला रिव्ह्यू

आधीच सांगतो, आम्ही जालन्याचे. इथं बियाण्याच्या कंपन्यांना तोटा नाही, बाहेरची लोकं इथनं बी नेतात, आणि मी टमाट्याचं बी बेंगळुरूवरनं पोस्टानं मागवलं म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी लई मजा घेतली. घेऊ द्या. मागच्या साली माझा फुलावर आलेला प्लॉट सकाळी टवटवीत असायचा, दुपारी माना टाकायचा, आणि चार दिवसांत झाड हिरवंच्या हिरवं जागेवर वाळून जायचं, पान पिवळं नाही की डाग नाही. दुकानातनं बुरशीनाशक आणून दोनदा आळवणी केली, पैसे पाण्यात.

मग एका जाणकारानं सांगितलं म्हणून घरीच करून बघितलं. बुडाजवळचं चार बोटं खोड कापलं, काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेतलं, कापलेलं टोक पाण्यात बुडेल असं धरलं. हलवायचं अजिबात नाही. दोन-तीन मिनिटांत कापावरनं दुधासारखी पांढरी दोरी सरळ खाली उतरायला लागली. आई म्हणली, अरे हा तर पू आहे. तसंच समजा. राल्स्टोनिया नावाचा जिवाणू मुळातनं घुसतो, खोडातल्या नळ्या चिकटानं भरून टाकतो, वर पाणीच जात नाही, हीच जिवाणूची मर. बुरशीच नाही तर बुरशीनाशक काय करणार?

अर्का रक्षक हे बेंगळुरूच्या आयआयएचआर या सरकारी फळ-भाजी संशोधन संस्थेचं संकरित वाण, जिवाणूची मर, पानं मुरडणारा व्हायरस आणि लवकर येणारा करपा अशा तिन्हीला दाद न देणारं. असलं वाण काढणं वाटतं तेवढं सोपं नाही. मर सोसणारी जी मूळ झाडं असतात त्यातली बरीचशी बारक्या फळाची, संकर केला की प्रतिकाराच्या मागं बारकं फळ पण चिकटून येतं, आणि एका जीनवर काम भागत नाही. हवाई 7996 नावाची टमाट्याची लाईन यात जगभर वापरतात, तिच्यात प्रतिकाराचा मुख्य जोर 6 आणि 12 नंबरच्या गुणसूत्रांवर सापडलाय. वरनं जिवाणूच्याही जाती वेगवेगळ्या, तिकडं टिकलेलं इकडं टिकलंच असं नाही. म्हणून माझ्या वावरात काय झालं ते सांगतो.

रोपं करायला बी नर्सरीत दिलं आणि तिथं घोळ झाला. नर्सरीवाल्यानं दोन ट्रे दुसऱ्याच वाणाचे घुसडले. आईच्या लक्षात आलं, देठ बारीक दिसतोय म्हणली, म्हणून ते शेवटच्या दोन सऱ्यांत वेगळे लावले. भांडलो, पण आता वाटतं बरंच झालं. त्या 196 रोपांतली सत्तरेक दीड महिन्यात गेली. त्याच वावरात, त्याच ठिबकवर रक्षकची नऊशेतली तीसच्या आत. आता गेलेल्या तीसपैकी काहींना ग्लासात दोरी सुटली, म्हणजे अगदी लागतच नाही असं नाही. बाकीच्यांना दोरी नाही, खोड उभं चिरलं तर आत तपकिरी रेघ आणि खालची पानं आधी पिवळी, ती फ्युजारियम बुरशीची मर. रक्षकच्या तीन रोगांत ती नाही. आपल्याकडं ती पण बक्कळ, म्हणून ग्लास केल्याशिवाय हे बी मागवू नका राव.

फळ कडक, लालभडक, कॅरेटमधी पिचत नाही, बाजारात दोन दिवस थांबलं तरी चालतंय. आमच्या घरात मात्र साल जाड म्हणून कोशिंबिरीला कुणी हात लावत नाही, चटणीला एक नंबर. झाडामागं 19 किलोच्या बातम्या वाचून कुणी हिशोब मांडू नये, मला सरासरी पाच-सहा मिळाले, त्यात मी खूश आहे. संकरित आहे, घरचं बी धरू नका, पुढच्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत, गुण फुटून निघतात. आणि वांगी-मिरची-बटाट्याच्या मागं लावू नका, हा जिवाणू त्या सगळ्यांचा पाहुणा.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो नर्सरीचा, बियाचा नाही. या टायमाला ट्रेवर नाव टाकून घेणार, मार्कर घरनंच नेणार.