सुनिओची अर्ध्या दिवसाची सहल: बसला काठावर पास, देवळाला पैकीच्या पैकी

अथेन्सहून सुनिओच्या भूशिरावर, पोसायडनच्या जुन्या देवळाकडे जाणाऱ्या सहली इंटरनेटवर शोधायला बसलं की डोकं भणभणतं. फोटो सगळ्यांचा एकच: मावळता सूर्य, पांढरे खांब, खाली समुद्र. दरात मात्र दुपटीचा फरक. तो कशामुळे, हे जाहिरातीच्या शेवटी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं आणि नेमकं तेच कुणी वाचत नाही. ग्रीसमध्ये पुराणस्थळाच्या आवारात माहिती सांगायची मुभा फक्त परवानाधारक गाइडला असते. स्वस्तातल्या सहलीत बसबरोबर नुसता सोबती येतो. तो वाटेत माइकवरून बोलतो आणि फाटकाशी पोचलं की ‘आता तुम्ही जा, अमुक वाजता परत या’ म्हणून मोकळा होतो. माझ्या मुलीने म्युनिकमध्ये बसून बुकिंग केलं तेव्हा हे वाचलं होतं, म्हणून थोडे जास्त युरो मोजून परवानाधारक बाई असलेली सहल घेतली. माझ्या मते या सहलीत खरे वसूल झाले ते एवढेच जादा पैसे.

मी रत्नागिरीला सार्वजनिक बांधकाम खात्यात आरेखक होते. पूल, विश्रामगृहं, धक्के यांचे नकाशे काढण्यात नोकरी गेली, त्यामुळे मी कुठलीही इमारत बघते ती जरा त्याच नजरेने. बरोबर माझ्या नणंदबाई. वन्संचं वय माझ्याहून जास्त, गुडघे जरा कुरकुरतात, पण प्रश्न विचारायला त्या कधी थकत नाहीत. सप्टेंबर संपत आला होता. ऊन होतं, पण जुलै-ऑगस्टचा भाजणारा उन्हाळा नव्हता.

आधी तक्रार सांगून टाकते. ‘पाच तासांची सहल’ म्हणतात त्यातला बराच वेळ हॉटेलांच्या दारांतून माणसं गोळा करण्यातच जातो. आम्ही पहिल्याच थांब्यावर चढलो आणि तीच ती सिंताग्मा चौकाची वळणं बसच्या काचेतून पाहत राहिलो. तुम्ही जाल तेव्हा शेवटचा थांबा कुठला ते विचारा आणि चालत तिथे जाऊन उभ्या राहा. शिवाय आमची बस दोन भाषांची निघाली, इंग्रजी आणि स्पॅनिश. म्हणजे डावीकडे काहीतरी दिसतंय हे इंग्रजीत कळेपर्यंत ते मागे गेलेलं असायचं. एसी असा की वन्संनी शाल काढली. देवळाचं तिकीट सहलीच्या दरात धरलेलं नव्हतं, ते दारात वेगळं काढावं लागलं. जाहिरातीत तसं लिहिलेलं होतं, मान्य, पण वन्सं हिशेबाच्या पक्क्या. ‘वहिनी, देवळाच्या सहलीत देऊळच वगळलं की हो यांनी!’ बसमध्ये मराठी कुणाला कळत नव्हतं हे बरं.

आता रस्ता. सिंग्रू नावाच्या रुंद रस्त्याने बस पालेओ फालिरोला समुद्रापाशी येते आणि तिथून जवळजवळ थेट भूशिरापर्यंत समुद्र उजव्या हाताला राहतो. म्हणून जाताना उजवीकडची खिडकी पकडा, डावीकडे बसलात तर शेजाऱ्याचे कान बघत जाल. अथेन्सपासून सुनिओ साधारण सत्तर किलोमीटर. पहिला तुकडा शहरीच आहे: ट्राम, मरीना, 2001 साली बंद झालेला एलिनिकोचा जुना विमानतळ आणि त्यावर चाललेलं अवाढव्य बांधकाम. ग्लिफाडा, वुला ही श्रीमंतांची उपनगरं. वुलियाग्मेनीला डोंगराच्या पायथ्याशी एक तळं आहे, त्याचं पाणी बारमाही कोमट असतं. आम्हाला ते खिडकीतूनच दाखवलं.

वार्किझाच्या पुढे शहर विरळ होत जातं आणि खरी मजा तिथून आहे. एका बाजूला उघडा चुनखडीचा डोंगर, त्यावर ऑलिव्ह आणि पाइनची खुरटी झाडं, दुसऱ्या बाजूला छोट्या छोट्या खाचांसारखे किनारे. पाण्याचा रंग आमच्या बाजूच्या समुद्रासारखा नाही. आमच्या नद्या डोंगरातली माती आणून खाडीत ओततात, इथे आणायला नदीच नाही, म्हणून तळ दिसतो. पालेआ फोकेआ हे मासेमारीचं गाव 1922 नंतर आशिया मायनरमधल्या फोकेआहून आलेल्या निर्वासितांनी वसवलं, असं बाईंनी सांगितलं. इथे बस दहा मिनिटं तरी थांबायला हवी होती, पण फोटोसाठी थांबा दिला तो आधीच्या एका वळणावर. तिथे दिसत काहीच नव्हतं, वर एक आइस्क्रीमची गाडी उभी होती. असो.

गाइडबाईंबद्दल मात्र वाईट बोलायला जागा नाही. पन्नाशीच्या, आवाज खणखणीत, सनावळ्या तोंडपाठ, पण फेकत नव्हत्या. राजा ईजिअसची कथा त्यांनी बसमध्येच सांगितली. मुलगा थीसिअस क्रीटला राक्षसाला मारायला गेला. जिवंत परत आलो तर पांढरं शीड लावीन म्हणाला आणि विजयाच्या आनंदात काळं शीड बदलायलाच विसरला. बापाने सुनिओच्या कड्यावरून काळं शीड पाहिलं आणि समुद्रात उडी घेतली, म्हणून तो एजियन समुद्र. काही जण ही उडी अथेन्सच्या अक्रोपोलिसवरून घेतल्याचं सांगतात, हेही बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं. वन्संना कथेपेक्षा मुलाच्या बेफिकिरीचा राग आला, तो परतीपर्यंत टिकला.

त्याहून मला भावली ती चांदीची हकिगत. भूशिराच्या जरा उत्तरेला लाव्रिओच्या खाणी आहेत. इ.स.पू. 483 च्या सुमारास तिथे चांदीचा मोठा साठा लागला. तो पैसा नागरिकांत माणशी दहा द्राख्मा वाटून टाकावा असा विचार चालला होता. थेमिस्टोक्लिस या अथेन्सच्या पुढाऱ्याने लोकांचं मन वळवलं आणि त्यातून युद्धनौका बांधायला लावल्या. तीन वर्षांनी, 480 मध्ये, सालामिसच्या लढाईत त्याच आरमाराने इराण्यांना हरवलं. पण त्याच स्वारीत इराण्यांनी सुनिओचं जुनं, अर्धवट बांधलेलं देऊळ पाडलं. नंतर शत्रूची पकडलेली एक नौका ग्रीकांनी इथे देवाला वाहिली. खाणीत राबणारे गुलाम होते, हे सांगताना बाईंनी माइक खाली केला नाही की आवाज मऊ केला नाही. मला ते आवडलं.

बस उभी राहते तिथून देवळापर्यंत चढ आहे. फार नाही, पण खडी आणि घडीव-अनघड दगडांची पायवाट आहे, सपाट तळव्याची चप्पल चालणार नाही. वन्सं काठी घेऊन, दोनदा टेकून वर आल्या. चाकाची खुर्ची असेल तर कंपनीला आधी फोन करून विचारा. खाली कॅफे आहे, स्वच्छतागृह तिथेच. कॉफीचा भाव ऐकून मी नुसतं पाणी घेतलं. आमच्याकडे सकाळी सिंताग्मापाशी घेतलेल्या कुलूरी होत्या. हे तीळ लावलेलं कडं, शाकाहारी माणसाला ग्रीसमध्ये रस्तोरस्ती आधार.

आता देऊळ. समुद्रापासून साधारण साठ मीटर उंचीवर, तीन बाजूंना पाणी. हे पोसायडनचं, म्हणजे समुद्राच्या देवाचं, इ.स.पू. 444 ते 440 च्या सुमाराचं. त्याच वर्षांत अथेन्समध्ये अक्रोपोलिसवरच्या पार्थेनॉन या देवळाचं काम चालू होतं. लांबीला तेरा, रुंदीला सहा असे मूळचे चौतीस खांब, त्यांतले निम्म्याहून थोडे कमी आज उभे आहेत आणि त्यांतलेही काही अलीकडे पुन्हा रचलेले. छप्पर नाही, गाभारा नाही. दोर लावलेला आहे, खांबांच्या मध्ये जाता येत नाही. आधी मला हे खटकलं. मग आमच्या किल्ल्यांवरच्या भिंती आठवल्या, बदाम आणि बाणांनी भरलेल्या, आणि दोर बरा वाटला. तसा इथेही तो प्रकार झालेलाच आहे. एका खांबावर इंग्रज कवी बायरनचं नाव कोरलेलं आहे. तो 1810 मध्ये इथे येऊन गेला होता. नाव त्यानेच कोरलं की आणखी कुणी, याची खात्री कुणी देत नाही. दोराबाहेरून ते नीट दिसतही नाही, बाईंनी टॅबवर फोटो दाखवला. बसमधली निम्मी मंडळी तेवढंच बघायला आल्यासारखी त्या खांबाभोवती गोळा झाली, त्यामुळे दुसरी बाजू मला मोकळी मिळाली.

मी खांबांवरच्या पन्हळी, म्हणजे उभ्या कोरलेल्या खाचा, मोजल्या. डोरिक, म्हणजे ग्रीकांच्या साध्या-दणकट घडणीच्या, खांबाला सहसा वीस पन्हळी असतात, पार्थेनॉनच्या खांबांनाही वीसच. इथे सोळा. समोरून अर्ध्या मोजल्या तरी कळतं. पन्हळी कमी म्हणजे एकेक रुंद आणि दोन पन्हळींमधली धार जरा दणकट. खाऱ्या वाऱ्यात झीज कमी व्हावी म्हणून असं केलं, हे त्याचं नेहमी दिलं जाणारं कारण. खांब 6.10 मीटर उंच, बुंध्याशी एक मीटर व्यासाचे, वर जाता जाता 79 सेंटिमीटर. ही मापं कागदावर वाचताना काही वाटत नाही. समोर उभं राहिलं की तो निमुळतेपणा इतका बेताचा आहे की खांब सडपातळ दिसतो, बारीक नाही. ज्याने हे ठरवलं त्याच्या हाताखाली काम करायला मला आवडलं असतं. आमच्या खाडीवरच्या पुलांचं काँक्रीट खारी हवा वीस-तीस वर्षांत फुगवते आणि सळ्या उघड्या पाडते, म्हणून मला हे जरा जास्तच लागलं असेल.

दगडही जवळचाच. चार-पाच किलोमीटरवर आग्रिलेझाची खाण आहे, तिथला संगमरवर. यात लोखंड नाही, म्हणून तो अडीच हजार वर्षांनीही पांढराफटक आहे. पार्थेनॉनचा पेंटेलीचा संगमरवर लोखंडाच्या अंशाने मधाच्या रंगावर जातो. आमचा जांभा तर लोखंडानेच तांबडा. मी हे गाइडबाईंना सांगितलं तर त्यांनी जांभ्याचा फोटो मागितला. माझ्या फोनमध्ये घराच्या गडग्याचा होता. स्पॅनिश मंडळी ताटकळत उभी आणि आम्ही दोघी चिऱ्याचा आकार किती यावर बोलतोय, असं थोडा वेळ चाललं.

वारा मात्र सोसाट्याचा. टोपी हनुवटीखाली बांधायची असेल तरच न्या. पूर्वेला लांबट, उघडी दिसणारी बेटं आहेत. त्यांतलं एक मक्रोनिसोस. 1947 पासून यादवी युद्धाच्या काळात तिथे राजकीय कैद्यांच्या छावण्या होत्या. बाईंनी हे आपणहून सांगितलं नाही, मी बेटाचं नाव विचारलं तेव्हा थोडक्यात सांगितलं आणि पुढे मला विचारावंसं वाटलं नाही.

वन्सं एका दगडावर बसून कुलूरी खात होत्या, तेवढ्यात झुडपातून पक्षी निघाला. पांढरा गळा, त्याभोवती काळी पट्टी, चोच आणि पाय लाल, कुशीवर उभे पट्टे. चकोर! इथे ते बरेच आहेत आणि माणसांना मुळीच बिचकत नाहीत. वन्सं हरखल्या. जन्मभर ओव्या-अभंगांत ऐकलेला पक्षी पहिल्यांदा दिसला तो पोसायडनच्या अंगणात. चांदण्यावर जगणारा म्हणे. या पठ्ठ्याने वन्संच्या पायाशी सांडलेले तीळ एकेक करून टिपले, मग माझ्या पिशवीकडे बघितलं. ‘अहो, हा तर आमच्या कोंबड्यांसारखाच की,’ म्हणून वन्संनी त्याला कवितेतून कायमचा काढून टाकला.

सूर्यास्ताबद्दल सगळ्यांनी लिहिलंय, मी थोडक्यात सांगते. दुपारची सहल घ्या, सकाळची नको. उन्हं कलली की पन्हळींमध्ये सावली भरते आणि मगच खांबांची घडण डोळ्यांना कळते, भर उन्हात ते सपाट दिसतात. पण सूर्य टेकतो न टेकतो तोच पहारेकरी शिट्ट्या वाजवून सगळ्यांना खाली पिटाळतात. फोटोत दिसतो तो नंतरचा जांभळा उजेड तुम्हाला बसच्या पायऱ्यांवरून बघावा लागतो. वर सगळा मिळून तासाभराच्या आसपास वेळ मिळाला. दीड तास असता तर मी बसलाही चांगले गुण दिले असते.

स्वस्तात जायचं असेल तर अथेन्सहून नारिंगी केटेल बस आहे. दोनेक तास लागतात, माहिती सांगणारं कुणी नसतं आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते निघण्याआधीच विचारून घ्यावं लागतं. तरुण असते तर तशी गेले असते आणि पालेआ फोकेआला उतरले असते. वन्संबरोबर ही सहलच बरी.

जायच्या आधी एक करा: अथेन्सच्या जुन्या बाजारपेठेत, अगोरात, हेफेस्टसचं देऊळ बघून घ्या. त्याचीही मांडणी सहा बाय तेरा, पण ते जवळपास अख्खं उभं आहे. ते डोळ्यांत असलं की सुनिओला काय काय नाही ते आपोआप भरून काढता येतं. आणि परत आल्यावर राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात सुनिओचा कुरोस बघा: तीन मीटरहून उंच संगमरवरी तरुण, या देवळाच्याही आधी दीडेकशे वर्षांचा, 1906 मध्ये इथल्याच एका खड्ड्यात पुरलेला सापडला. आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. त्याचंही तिकीट वेगळं आहे, हे वन्संना मी निघण्याआधीच सांगून ठेवलं होतं.