शिकागो ते आमचे गाव: 50 आसनी विमानसेवेचा सहा वर्षांचा अनुभव

शिकागोपासून मोटारीने अडीच तासांच्या अंतरावर असलेल्या आमच्या विद्यापीठाच्या गावाला स्वतःचा विमानतळ आहे. सुरक्षा तपासणीची एकच रांग, एकच कॉफीचे दुकान आणि गाडी लावायला फुकट जागा, असा त्याचा थाट आहे. येथून शिकागोच्या ओ'हेअर विमानतळाला जाणाऱ्या विमानाने मी सहा वर्षांत चाळीसेक वेळा प्रवास केला असेल. भारतातून येणाऱ्या आई-वडिलांसाठी असे शेवटच्या टप्प्याचे तिकीट काढावे का, हा प्रश्न आमच्या मराठी मंडळात दर उन्हाळ्यात निघतो, म्हणून हे लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला आलेल्या अडचणी अमेरिकेतील बहुतेक लहान गावांना थोड्याफार फरकाने येतच असतात.

आधी विमानाविषयी. पूर्वी या मार्गावर सीआरजे-200 हे 50 आसनी छोटे जेट असायचे. मधली वाट अरुंद, दोन्ही बाजूंना दोन-दोन आसने आणि खिडक्या इतक्या खाली की बाहेरचे मक्याचे शेत पाहायचे तर मान वाकवावी लागते. चाकांची साधी बॅगही डोक्यावरच्या कप्प्यात जात नाही. ती विमानाच्या दाराशी चिठ्ठी लावून ठेवायची आणि उतरल्यावर तिथेच, थंडीत कुडकुडत, परत मिळण्याची वाट पाहायची. हवाई सेविका एकच असते. 50 आसनांपर्यंत एक पुरते, एक्कावन्नावे आसन बसवले की दुसरी नेमावी लागते, असा नियम असल्यामुळे या विमानांत आसने मोजून 50 ठेवलेली असतात. उड्डाण मात्र जेमतेम पाऊण तासाचे. आकाश मोकळे असेल तर तक्रारीला जागा नाही, आणि वैमानिकांचे कौशल्य मला नेहमीच उत्तम वाटले आहे.

तिकिटावर मोठ्या कंपनीचे नाव असते, विमानावर रंगही तिचाच असतो, पण विमान चालवणारी कंपनी वेगळी असते आणि तिचे नाव तिकिटाच्या तळाशी बारीक अक्षरांत असते. अमेरिकेतील प्रादेशिक विमानसेवा बहुतांशी अशी ठेक्यावर चालते. युटामधील स्कायवेस्ट एकाच वेळी युनायटेड, डेल्टा, अमेरिकन आणि अलास्का या चार मोठ्या कंपन्यांसाठी विमाने उडवते. एन्व्हॉय, पीडमाँट आणि पीएसए या तीन कंपन्या अमेरिकनच्याच मालकीच्या आहेत. प्रवाशाला हा भेद कळतो तो काही बिघडल्यावर.

आमचे बिघडले ते 2022 च्या उन्हाळ्यात. आई-बाबा दिल्लीमार्गे शिकागोला उतरले होते. मी त्यांना आणायला ओ'हेअरला गेलो होतो आणि आम्हा तिघांची रात्री पावणेदहाची तिकिटे होती. दुपारी वादळ होऊन गेले होते, रात्री आभाळ स्वच्छ होते, विमान गेटवर उभे होते, आणि फलकावरची वेळ मात्र चार वेळा पुढे सरकली. साडेअकराला उड्डाण रद्द झाले. भ्रमणध्वनीवर आलेल्या संदेशात कारण 'हवामान' दिले होते, गेटवरच्या बाईंनी मात्र वैमानिकांचे तास संपल्याचे सांगितले. बाबांनी शांतपणे विचारले, "म्हणजे ड्रायव्हर नाही म्हणून एसटी रद्द, तसंच ना?" त्याहून नेमके वर्णन मला आजवर सापडलेले नाही. हवामानाचे कारण पुढे केल्यामुळे हॉटेल मिळाले नाही. आईची चाकांची खुर्ची खिडकीशी लावून आम्ही रात्र काढली, आणि त्याऐवजी भाड्याच्या गाडीने गेलो असतो तर पहाटेपूर्वी घरी असतो, हे मनातून जाईना. तक्रार केल्यावर पाच आठवड्यांनी जेवणाचे पैसे परत आले, एवढेच.

त्या रात्री गेटपाशी एक तरुण सहवैमानिक घरून आणलेल्या डब्यातला गार पास्ता खात बसला होता. त्याचे तास शिल्लक होते, मुख्य वैमानिकाचे संपले होते. पगाराचा विषय निघाला तेव्हा तो हसून म्हणाला की, विमानाचे दार बंद होऊन चाके हलेपर्यंत आमचे मीटर पडत नाही. वैमानिकाचे वेतन उड्डाणाच्या तासांवर ठरते. गेटवर ताटकळण्याचे जवळजवळ काहीच मिळत नाही, पण ते तास कामाच्या मर्यादेतून मात्र वजा होतात. दिवसाची सुरुवात किती वाजता झाली आणि किती उड्डाणे आहेत, यानुसार ही मर्यादा 9 ते 14 तासांची असते. दुपारच्या वादळाने ती खाल्ली होती आणि राखीव मुख्य वैमानिक कोणी उरला नव्हता, त्यामुळे संदेशही खरा होता आणि गेटवरच्या बाईही खऱ्या होत्या.

मुख्य वैमानिकच का कमी पडतात, याचे मूळ 12 फेब्रुवारी 2009 च्या रात्री आहे. नेवार्कहून बफेलोला जाणारे कोल्गन एअरचे विमान उतरण्याच्या बेतात असताना कोसळले आणि 50 माणसे गेली. चौकशीत मुख्य वैमानिकाची चूक दिसून आली, पण त्याचबरोबर सहवैमानिक मुलगी सिॲटलहून रात्रभर मालवाहू विमानांतून प्रवास करून कामावर आली होती आणि तिचा वार्षिक पगार 25,000 डॉलरांहूनही कमी होता, हेही देशाला कळले. मृतांच्या नातेवाइकांनी नेट लावला आणि 2010 मध्ये कायदा झाला. विश्रांतीचे नियम सुधारले, ते योग्यच झाले. त्याच कायद्याने 2013 पासून सहवैमानिकालाही साधारणपणे 1,500 तासांचा अनुभव सक्तीचा झाला. त्याआधी 250 तासांवर भागत असे. यातली विसंगती अशी की, त्या विमानातील दोघांकडेही 1,500 पेक्षा जास्त तास होते. आता लाखभर डॉलरचे कर्ज काढून शिकलेला मुलगा दीड-दोन वर्षे इतरांना विमान शिकवत तास गोळा करतो (आमच्या गावावर घिरट्या घालणारी छोटी विमाने बहुधा त्यांचीच), मग प्रादेशिक कंपनीत सहवैमानिक होतो, तिथे आणखी 1,000 तास भरल्यावर मुख्य वैमानिकाच्या खुर्चीस पात्र होतो, आणि नेमक्या त्याच सुमारास मोठी कंपनी त्याला उचलून नेते. महामारीत मोठ्या कंपन्यांनी हजारो ज्येष्ठ वैमानिकांना मुदतीआधी निवृत्त केले होते. प्रवासी परतल्यावर ती भरती त्यांनी मुख्यतः या लहान कंपन्यांतून केली.

जून 2022 मध्ये अमेरिकनच्या प्रादेशिक कंपन्यांनी नव्या सहवैमानिकाचा दर तासाला 90 डॉलर केला. आकडा मोठा दिसतो, पण महिन्याला हमीचे तास 75 च्या आसपास असतात, म्हणजे वर्षाचे 81,000 डॉलर. कर्जाचा हप्ता धरला तर ही रक्कम मला अवास्तव वाटत नाही. अवास्तव होते ते त्याआधीचे वेतन, आणि आम्ही इतकी वर्षे स्वस्तात उडत होतो ते त्याच्या जिवावर.

वाढलेल्या पगाराचा भार मात्र लहान गावांवर आला. दोन वैमानिकांचा खर्च 50 प्रवाशांत वाटायचा की 76 जणांत, हा हिशेब सरळ आहे. मार्च 2022 मध्ये स्कायवेस्टने सरकारी अनुदानावरील 29 गावांची सेवा सोडण्याची नोटीस दिली. त्याच वर्षी सप्टेंबरात टोलीडो आणि इथाकाहून अमेरिकन बाहेर पडली. फिलाडेल्फियाहून ॲलनटाउनला तर आता विमानाच्या तिकिटावर बस मिळते. आमच्या गावाचे नशीब बरे. दिवसाच्या चार फेऱ्यांच्या दोन झाल्या, पण 50 आसनी विमान जाऊन 76 आसनी एम्ब्राएर-175 आले. त्यात मधले आसन नाही, बॅग डोक्यावर मावते, आणि गेल्या दीड वर्षात माझे एकच उड्डाण रद्द झाले. भाडे जवळपास दीडपट झाले आहे.

सेवेला मी पाचपैकी तीन तारे देईन. ते तिन्ही वैमानिकांचे आणि एकट्याने सगळे सांभाळणाऱ्या सेविकांचे. तिकीट काढणाऱ्यांनी गावाहून शिकागोला जाताना सकाळचे पहिले विमान घ्यावे, कारण ते रात्री इथेच मुक्कामाला असते. मात्र आदल्या रात्री ते उशिरा आले असेल तर वैमानिकांची 10 तासांची विश्रांती पूर्ण होईपर्यंत हलणार नाही, तेव्हा झोपण्यापूर्वी त्याची पोहोचण्याची वेळ पाहून ठेवावी. शिकागोहून येताना रात्रीची शेवटची फेरी वृद्धांसाठी घेऊ नये. आई-बाबा येत्या मे महिन्यात पुन्हा येत आहेत. त्यांचे तिकीट या वेळी ओ'हेअरपर्यंतच काढले असून पुढे मी गाडी घेऊन जाणार आहे.