वादी बनी औफच्या घळीत पाच दारांची जिमनी

मस्कतमध्ये राहून मला अकरा वर्षं झाली. जानेवारीत थोरली बहीण साताऱ्याहून आली, आणि तिला मॉल बघायचे नव्हते. "अगं, तू ज्या डोंगरांचे फोटो पाठवतेस ना, तिथे ने मला. रात्री तिथेच राहू," म्हणाली. मग शुक्रवार-शनिवारची सुट्टी धरून वादी बनी औफचा बेत केला. वादी म्हणजे एरवी कोरडं असणारं आणि पाऊस झाला की भरभरून वाहणारं नदीपात्र. ही वादी हजर पर्वताला चिरत जाते आणि स्नेक गॉर्ज नावाची प्रसिद्ध अरुंद घळ तिच्याच वाटेवर लागते. कच्च्या रस्त्यावर फोर व्हील ड्राइव्हशिवाय, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाडीशिवाय, जाऊ नये, हे इथे सगळेच सांगतात.

माझी सेडान घरी ठेवून मी पाच दारांची सुझुकी जिमनी ऑटोमॅटिक भाड्याने घेतली, दिवसाला २२ रियाल. ओळखीचं एक जोडपं त्यांची मोठी सात आसनी गाडी घेऊन सोबत होतं. अशा जागी एकट्या गाडीने जायचं नाही, हा माझा नियम आहे.

आधी भाड्याबद्दल. एजन्सीचं नाव लिहीत नाही, पण गाडी ताब्यात घेताना मागच्या दारावरच्या स्टेपनीला मी गेज लावला तर हवा फक्त १२ पीएसआय! जॅक होता, तो फिरवायचा दांडा नव्हता. दोन्ही गोष्टी तिथेच उभं राहून करून घेतल्या, तासभर गेला. करारात खडीच्या रस्त्यावर विमा लागू आहे का, तेही वाचून घ्या. अनेक करारांत तो नसतो आणि नुकसान तुमच्या माथी येतं. मी ते लेखी मागून घेतलं.

आता गाडी. १.५ लिटरचं पेट्रोल इंजिन, ताकद साधारण १०५ पीएस (अश्वशक्ती). बरका आणि नखल या गावांवरून अवाबीपर्यंतच्या डांबरी रस्त्यावर ती फार सुखाची नाही. ताशी १२० वर वाऱ्याचा आवाज इतका की ताईशी मोठ्याने बोलावं लागत होतं, आणि ओव्हरटेक करताना आधीपासून अंदाज घ्यावा लागतो. चार गिअरचा ऑटोमॅटिक जुन्या पद्धतीचा आहे, चढावर इंजिन ओरडतं. मागची सीट उभी ठेवली तर डिकी २०८ लिटरची. त्यात आमचा तंबू आणि पाण्याचे दोन कॅनही मावले नसते, म्हणून सीट पाडून ३३२ लिटरची जागा केली. दोन माणसं आणि एका रात्रीचं सामान, एवढीच ही गाडी. चौघांनी तंबूसकट जायचा विचार करू नये.

अवाबीला टाकी काठोकाठ भरली, टायरची हवा २२ पीएसआयपर्यंत कमी केली आणि फोर-हाय (चारही चाकांना जोर, नेहमीच्या वेगाला) टाकून आत शिरलो. तिथून पुढे ही गाडी मला मनापासून आवडली. जमिनीपासून २१० मिलिमीटर उंच, त्यामुळे पात्रातल्या गोट्यांवर पोट घासलं नाही. वजन जेमतेम १२०० किलो. जिथे मोठी गाडी खडीत रुतून दगड मागे फेकत होती, तिथून जिमनी सरळ निघून गेली.

पण खरी परीक्षा रुंदीची होती. जिमनी १.६४ मीटर रुंद आहे. कागदावर हा आकडा कुणी बघत नाही, पण त्या वाटेवर तोच सगळ्यात मोलाचा ठरला. दुसऱ्या दिवशी चढावर एका वळणापुढे समोरून कडब्यासारखं सुकं गवत भरलेला पिकअप उतरत आला. आमच्या उजव्या हाताला कातळ, डावीकडे दरी. मी उजवा आरसा मिटवला, चाकं कातळाला चिकटवली आणि थांबले. ताईने काच खाली करून हात बाहेर काढला तर बोटं दगडाला लागली. पिकअप दरीच्या बाजूने इंचाइंचाने पुढे सरकला, गवताच्या काड्या माझ्या काचेवर सर्रकन घासत गेल्या. त्याच्या ड्रायव्हरने हात वर केला आणि तो निघून गेला. मागच्या मोठ्या गाडीला मात्र सत्तरेक मीटर रिव्हर्स घेऊन रुंद जागा शोधावी लागली. त्या जोडप्यातल्या वहिनी खाली उतरून मागचं चाक आणि कड्याची धार यातलं अंतर ओरडून सांगत होत्या. ते बघताना माझ्या हातांना घाम फुटला होता.

मुक्कामाबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. पात्रातली वाळू मऊ, सपाट आणि सुंदर दिसते. तिथे तंबू लावू नका. आम्ही एका बाभळीखाली थांबलो तेव्हा ताईने वर बोट दाखवलं. माझ्या डोक्याच्याही वर, फांदीच्या बेचक्यात खजुराच्या झावळ्या आणि पालापाचोळा गच्च अडकलेला होता. "माहुलीला कृष्णेचा पूर ओसरला की काठच्या झाडांना असंच लागलेलं असतं," ती म्हणाली. पाऊस वर डोंगरात कुठेतरी पडतो आणि इथे निरभ्र आकाशाखाली लोंढा येतो. वाहत्या वादीत गाडी घालणं हा ओमानमध्ये कायद्यानेच गुन्हा आहे. आम्ही पात्र सोडून बऱ्याच उंचावरच्या खडकाळ सपाटीवर तंबू ठोकला. पाठीला खडे टोचले, पण झोप निर्धास्त लागली. ताईने स्टोव्हवर पिठलं केलं, भाकरी घरून नेल्या होत्या.

स्नेक गॉर्जमध्ये आत गेलो नाही. तिथे डोहांतून पोहावं लागतं, हेल्मेट आणि जाणता वाटाड्या लागतो, आमच्याकडे दोन्ही नव्हतं. तोंडाशी बसून वरची आकाशाची चिंचोळी पट्टी बघितली.

शनिवारी बिलाद सैत या डोंगरातल्या गावाची हिरवी शेतं लांबूनच पाहिली. गावात लोक राहतात, त्यांच्या दारातून कॅमेरे घेऊन फिरू नये. मग हात नावाच्या गावावरून शरफ अल अलमैन या डोंगरमाथ्याचा चढ. उभ्या चढाला गाडी पूर्ण थांबवून, न्यूट्रलमध्ये टाकून फोर-लो, म्हणजे चारही चाकांचा हळू पण जोरदार गिअर, लावला. वेग निम्मा, जोर दुप्पट, आणि गाडी एकदाही घसरली नाही. हाच रस्ता डोंगरापलीकडच्या अल हमराकडून उतरत केला तर ब्रेकवर फार ताण येतो, म्हणून मी मुद्दाम खालून वर आले. उतरायचंच असेल तर फोर-लोसोबत हिल डिसेंट कंट्रोल (उतारावर गाडीचा वेग आपोआप आवरणारी सोय) वापरा.

अल हमरा, निजवा करून घरी पोचेपर्यंत ३८० किलोमीटर झाले, पेट्रोल ३४ लिटर. ९१ ऑक्टेनचं लिटरला २२९ बैसा (हजार बैसा म्हणजे एक रियाल) धरून आठ रियालच्या आत. टाकी ४० लिटरचीच आहे, हे आत शिरताना लक्षात असू द्या.

पाचपैकी चार तारे. एक तारा डिकी आणि हायवेसाठी कापला. पुढच्या हिवाळ्यात दाजीही येणार आहेत आणि माझ्या नवऱ्याला सुट्टी आहे. चौघांसाठी मोठी गाडी न घेता दोन जिमनी घ्यायचं ठरलं आहे. दुसरी ताई चालवणार आहे.