दहा महिन्यांनंतर २४ इंची प्लॉटर: पिवळी शाई जाते कुठे?

दहा महिन्यांत काळ्या कार्ट्रिज लागल्या तीन आणि पिवळ्या पाच. ऑफिस आर्किटेक्टचं, बहुतेक शीट काळ्या रेघांच्या, मग पिवळी पितंय कोण? प्लॉटर म्हणजे मोठे नकाशे छापणारा प्रिंटर. आमचं मशीन चार शाईंचं साधं इंकजेट, स्पेक्स सगळ्यांना पाठ असतील. सर्व्हिसवाल्यांचं उत्तर ठरलेलं: "हेड बदला." हेड म्हणजे शाई फवारणारा भाग, त्याचा खर्च कार्ट्रिजच्या कितीतरी पट, त्यामुळे बदललं नाही. तेच बरं झालं, कारण हेडमध्ये दोष नव्हताच.

या मशीनमध्ये काळी शाई पिगमेंटची (पाण्यात न विरघळणारी) आणि बाकी तीन डायच्या (विरघळणाऱ्या), म्हणून तपासणी फुकटात होते. पूर्ण सुकलेल्या शीटवर भिंतीच्या जाड रेघेवर पाण्याचा एक थेंब टाका आणि अर्धा मिनिट थांबा. रेघ जागच्या जागी राहिली तर ती निव्वळ काळी. कडेने जांभळट-पिवळी झालर सुटली, तर काळ्याच्या नावाखाली तीन रंग ओतले जातायत. आमच्या शीटवर झालर सुटली.

पहिलं कारण पेपर टाइप. रोल ८० जीएसएमचा साधा बाँड (लेप नसलेला कागद) आणि ड्रायव्हरमध्ये कोटेड (लेप असलेला). इन्स्टॉल करणाऱ्याने ठेवलेलं, कुणी हातच लावला नव्हता. कोटेड समजून मशीन शाई जास्त सोडतं आणि गडदपणासाठी काळ्यात रंग मिसळतं. बाँडला ती पेलत नाही. मागून उमटते, कागद फुगतो आणि फुगवट्याला हेड घासून काळे फराटे येतात. जुलै-ऑगस्टमध्ये तर जास्तच, कारण दमट कागद आधीच लाटलेला असतो. म्हणून उरलेला रोल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवायचा. पेपर टाइप बाँड, क्वालिटी नॉर्मल आणि काळ्या शीटसाठी ग्रेस्केलमध्ये 'फक्त काळी शाई' निवडली की थेंबाची झालर गेली. नुसतं ग्रेस्केल पुरत नाही, करडा रंगसुद्धा तीन शायांतून बनू शकतो.

तरी काही शीटवर झालर होतीच. ते दुसरं कारण, आणि ते ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमधलं. एखाद्या हॅचला (आत भरलेल्या रेघा-रंगाला) ट्रान्सपरन्सी दिलेली असेल आणि प्लॉट करताना 'प्लॉट ट्रान्सपरन्सी' टिक असेल, तर अख्खी शीट रास्टर, म्हणजे ठिपक्यांचं चित्र, होऊन जाते. मग ड्रायव्हरच्या लेखी ती रेघांची शीट राहत नाही, फोटो होतो. एका पार्किंगच्या हॅचपायी पूर्ण ए१ शीट! टिक काढा, हॅचला फिकट रंग द्या.

आणि सेटिंग बदलून पुन्हा जैसे थे होत असेल तर कस्टम प्रॉपर्टीज बदलताना येणारा प्रश्न नीट वाचा. 'फक्त या प्लॉटपुरतं' निवडलं तर उद्या कोटेड परत हजर. बदल पीसी३ फाइलमध्येच (ऑटोकॅडची प्लॉटर सेटिंगची फाइल) सेव्ह करायचे आणि तीच फाइल सगळ्या कॉम्प्युटरवर टाकायची.

इथवर चूक आमची, म्हणून आधी दिलेल्या दोनाचे साडेतीन स्टार केले. अर्धा परत कापतो. पिवळी संपली की हे मशीन काळी शीटही काढत नाही, अडूनच बसतं. शिवाय हेड क्लीनिंग चारही शाया खेचतं. रात्री मेन स्विच बंद करायची आपली काटकसरीची सवय इथे महागात पडते: सकाळी चालू होताना ते पुन्हा शाई ओढून सफाई करतं. स्लीपवर राहू द्या, वीज त्याहून स्वस्त. आणि नोझल चेकच्या चाचणी प्रिंटमध्ये तुटकी रेघ दिसल्याशिवाय क्लीनिंग मारू नका.

पिवळीची खरी गरज लागते ती बांधकाम मंजुरीच्या नकाशांना. प्रस्तावित काम लाल, पाडायचं पिवळ्या हॅचमध्ये, ड्रेनेज लाल तुटक. हे मोनोक्रोम सीटीबीने (कुठला रंग कसा छापायचा ते ठरवणारी ऑटोकॅडची फाइल) मारलं तर सगळं काळं, एकॅड सीटीबीने मारलं तर मार्जिनपासून सगळं रंगीत. मोनोक्रोमची कॉपी करून फक्त रंग १ ला (लाल) 'ऑब्जेक्ट कलर', म्हणजे त्याचा स्वतःचा रंग, द्या. रंग २ ला (पिवळा) मात्र शुद्ध पिवळा नको, बाँडवर तो ट्यूबलाइटखाली दिसत नाही. आरजीबी २५५,१९०,० च्या आसपासचा ठेवा. त्यात थोडा गुलाबी मिसळतो, हॅच उठून दिसतं. ड्राफ्ट क्वालिटीत ०.१३ मिमीच्या रेघा तुटतात, तेव्हा सबमिशनला ड्राफ्ट नाहीच.

रोल बदलला की एक काम उरतं. १:१०० ला ५० मीटरची रेघ काढा, स्टीलच्या पट्टीने ५०० मिमी भरते का बघा. कमी-जास्त भरली तर आधी 'फिट टू पेपर' टिक नाही ना ते पाहा. नसेल तर मेनूतून पेपर फीड कॅलिब्रेशन (कागद सरकण्याचं माप जुळवणं) करा. आमची भरली ४९८.५, आणि पेपर टाइप बदलल्यावर ते कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागतं हे सर्व्हिसच्या माणसाने सांगितलं नव्हतं. त्याने तेव्हाही हेडचंच कोटेशन पाठवलं.