पॅसिफिक बेटांवर पाण्यासाठी मदत करायची, तर नेमकी कशाला?

ऑकलंड, सिडनी, मेलबर्नकडच्या एखाद्या मराठी मंडळात किंवा तुमच्या रोटरी क्लबात विषय निघालेला असतो: शेजारच्या बेटांवर पिण्याच्या पाण्याचे हाल आहेत, आपण काहीतरी करू या. पैसे जमतात आणि पहिला प्रस्ताव येतो तो टाकीचा. टाकी डोळ्यांना दिसते, तिच्यावर नाव घालता येतं. हा आढावा अशा निर्णयापर्यंत आलेल्या लोकांसाठी आहे. सामोआ, वानुआटू, किरिबाटी आणि तुवालू या चार देशांत गावं आपलं पाणी कशी सांभाळतात, गावाशी बोलणं कसं चालतं आणि बाहेरच्या पैशाचा तिथे कितपत उपयोग होतो, एवढंच त्यात पाहिलं आहे. माझं मत आधीच सांगून ठेवते. डोंगराळ बेटावर पैसा पाइपांपेक्षा गावसमितीच्या मागे उभ्या राहणाऱ्या माणसांवर घालावा. सखल प्रवाळद्वीपावर मात्र आधी साठवण, आणि तीही शक्यतो सामाईक.

एका आकड्याबद्दल सावध राहा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड वगळता या भागात साधारण निम्म्याच लोकांना पिण्याच्या पाण्याची मूलभूत सोय मिळते, असं प्रत्येक प्रस्तावात लिहिलेलं असतं. आकडा खोटा नाही, पण त्यात पापुआ न्यू गिनीचं वजन फार मोठं आहे, कारण या भागातली बहुतांश लोकसंख्या तिथेच आहे. सामोआची किंवा तुवालूची स्थिती त्या सरासरीवरून कळत नाही. प्रस्ताव ज्या बेटाचा आहे, त्या बेटाचीच माहिती मागा.

आधी बेट कसलं आहे ते बघा

ज्वालामुखीतून वर आलेल्या उंच बेटांवर डोंगर असतात, झरे आणि ओढे असतात. झऱ्याशी बांध घालायचा, पाइप उतरवायचा, गावाच्या वरच्या अंगाला टाकी बांधायची, की उताराने पाणी नळाला येतं. पंप लागत नाही, वीज लागत नाही.

प्रवाळद्वीपाचं सगळं वेगळं. समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-तीन मीटर उंचीची वाळूची पट्टी, तिच्यावर नदी नाही, ओढा नाही. पाऊस वाळूत मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत राहतो. ढोबळ नियम असा की गोडं पाणी समुद्रसपाटीच्या वर एक फूट असेल, तर खाली सुमारे ४० फूट असतं. हाच हिशोब उलटाही चालतो. उपसा करून वरची पातळी थोडीशी खाली आणली, की तळातून खारं पाणी कितीतरी जास्त वर चढतं. पंपाचा अश्वशक्तीचा आकडा मोठा म्हणजे योजना चांगली, हा समज इथे घातक ठरतो. त्यातच शौचालयाचे खड्डे आणि डुकरांची खुराडी त्याच वाळूत, त्याच पाण्याच्या डोक्यावर असतात.

म्हणून सामोआची तुलना किरिबाटीशी करण्यात अर्थ नाही. तुलना दोन जोड्यांच्या आतच व्हायला हवी: सामोआ-वानुआटू ही डोंगराळ बेटांची, किरिबाटी-तुवालू ही प्रवाळद्वीपांची.

सामोआ की वानुआटू

सामोआत गावाचा कारभार ‘फोनो’कडे, म्हणजे कुळांच्या प्रमुखांच्या सभेकडे असतो. तिचे निर्णय गाव मानतं आणि मोडणाऱ्याला दंडही होतो. १९९० च्या कायद्याने या सभेला सरकारी मान्यताही आहे. उपोलू आणि सवाई या दोन मोठ्या बेटांवर कित्येक गावांनी सरकारी पाणी प्राधिकरणाच्या बाहेर राहून आपापल्या झऱ्यांवरून योजना चालवल्या. पुढे या स्वतंत्र योजनांनी एकत्र येऊन संघटना केली, आणि मला सामोआची सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. पाइप फुटला, झरा आटला, हिशोबावरून भांडण लागलं, तर त्या गावाला विचारायला कुणीतरी आहे. सरकारकडे जायचं तर एकटं गाव जात नाही, संघटना जाते.

उणिवाही आहेत. या योजनांचं बरंचसं पाणी शुद्ध न करताच नळाला येतं. झरा गावाचा, पाणी देवाचं, मग पाणीपट्टी कशाला, हा प्रश्न तिथेही आहे. आणि फोनोमध्ये बसणाऱ्यांत पुरुष जास्त. गावाची स्वच्छता, घरोघरची पाहणी ही कामं महिला समित्या पिढ्यानपिढ्या करत आल्या आहेत, पण झऱ्याचा निर्णय दुसऱ्या बैठकीत होतो.

वानुआटूची मांडणी कागदावर सामोआपेक्षा चांगली आहे. ८० च्या वर बेटं, शंभराहून अधिक भाषा, आणि गावागावात पाणी समिती. २०१६ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून या समित्यांना अधिकृत स्थान दिलं गेलं आणि त्यांत किमान ४० टक्के महिला असाव्यात असं ठरवलं. त्याच्या जोडीला पिण्याच्या पाण्याची सुरक्षा योजना आहे. गावकरी आणि पाणी खात्याचा माणूस मिळून झऱ्यापासून शेवटच्या नळापर्यंत चालत जातात. झऱ्याच्या वर गुरं बांधली आहेत का, टाकीचं झाकण बसतं का, कोणत्या वळणावर पाइप उघडा पडला आहे, कोणत्या नळाला पाणी पोचत नाही, हे जागेवर बघून लिहितात. मग यादीचे दोन भाग होतात: गाव स्वतः करू शकेल ते आणि पैशाशिवाय होणार नाही ते. योजना तयार झाली, की गाव सरकारी अनुदानासाठी पात्र ठरतं. आधी गावाने आपलं पाणी पायी फिरून ओळखायचं आणि पैसा नंतर, हा क्रम मला फार पटतो. आपल्याकडे शिवारफेरी केलेल्या कुणालाही तो लगेच पटेल.

अडचण येते अंतराची. खात्याची माणसं मोजकी, बेटं लांब, बोटीचं भाडं मोठं. मार्च २०१५ मध्ये पाम आणि एप्रिल २०२० मध्ये हॅरॉल्ड ही चक्रीवादळं आली. अशा वादळात छपरं उडतात, दरडींखाली पाइप जातात आणि समितीच्या हातात जुनी यादी तेवढी उरते. नवी समिती पहिल्या वर्षी उत्साहाने चालते. ठेकेदार परतला, खजिनदार कामासाठी राजधानीला, पोर्ट व्हिलाला गेला, तोटीचा वायसर मिळेना, की बैठका बंद पडतात. फिजी आणि सॉलोमन बेटांवरही हीच तक्रार ऐकू येते. समिती ‘स्थापन करणं’ हे एका दिवसाचं काम आहे. तिला तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी भेटायला जाणं हे खरं काम, आणि त्यासाठी देणगीदार मिळत नाहीत.

या जोडीत माझा कौल सामोआच्या संघटनेला. पण पैसा द्यायचा असेल तर तो वानुआटूत जास्त कामी येईल, आणि तोही नव्या नळयोजनेपेक्षा जुन्या योजनांच्या पाठपुराव्याला: बोटीचं भाडं, सुट्या भागांचा साठा, एका समितीने दुसऱ्या बेटावरच्या समितीकडे जाऊन शिकणं. अशा मागणीवर फलक लावता येत नाही. तरीही ती मान्य करा.

किरिबाटी की तुवालू

किरिबाटीची राजधानी दक्षिण तारावा. अरुंद पट्टीवर ६० हजारांवर माणसं. शहराचं नळाचं पाणी मुख्यतः बोनरिकी आणि बुओता इथल्या राखीव जमिनींखालच्या गोड्या थरातून येतं. खोल विहीर खणली तर खारं पाणी लागेल, म्हणून जमिनीखाली आडवे सच्छिद्र पाइप टाकून वरचा थर अलगद उचलला जातो. शास्त्र म्हणून ही पद्धत उत्तम आहे. भांडण जमिनीचं आहे. तिथल्या समजुतीप्रमाणे जमीन ज्याची, तिच्याखालचं पाणीही त्याचं. सरकारने जमीन राखीव केली, मोबदला ठरवला, पण त्या जमिनीवर पिढ्यानपिढ्या नारळ आणि बाबाई लावणाऱ्या कुटुंबांना आपल्यावर अन्याय झाला असंच वाटत राहिलं. त्यातून अतिक्रमणं झाली, पंपांची मोडतोडही झाली.

बाबाई हा दलदलीतला अजस्र अळू. त्याचे खड्डे गोड्या पाण्याच्या थरापर्यंत खणलेले असतात. पाणी मचूळ झालं की त्याची पानं पिवळी पडतात. त्यामुळे कोणताही मीटर लावायच्या आधी बाबाई लावणाऱ्या म्हाताऱ्यांना पाण्याचं काय चाललं आहे ते कळलेलं असतं. त्यांना विचारल्याशिवाय आखलेली योजना त्यांच्याच जमिनीवर कशी टिकेल?

आता दक्षिण तारावासाठी दिवसाला ४,००० घनमीटर पाणी देणारा समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प आखला गेला आहे, मागे आंतरराष्ट्रीय बँका आहेत. तिथे आपल्या वर्गणीने फरक पडणार नाही. पडेल तो बाहेरच्या बेटांवर. तिथे घराशेजारी उथळ आड असतात आणि तामाना पंप वापरात आहे. हा हातपंप साध्या पीव्हीसी पाइपांचा. तो बेटावरचाच माणूस बनवतो आणि तोच दुरुस्त करतो. हाताने उपसलेलं पाणी फार नसतं, त्यामुळे तळाचं खारं पाणीही सहसा वर ओढलं जात नाही. बाहेरून चकचकीत पंप पाठवण्याआधी हे लक्षात घ्या. ज्या पंपाचा सुटा भाग पुढच्या बोटीची वाट बघायला लावतो, तो तिथे निकामीच.

तुवालूची वाट निराळी. नऊ बेटं, सगळी मिळून १० ते ११ हजार माणसं. राजधानीच्या फुनाफुती बेटावर जमिनीखालचं पाणी पिण्याच्या लायकीचं उरलेलं नाही, म्हणून भिस्त छपरावरच्या पावसावर. घरोघरी १०,००० लिटरच्या टाक्या आहेत. आकडा मोठा वाटतो. सहा माणसांचं घर, माणशी ४० लिटर, म्हणजे टाकी ४१ दिवसांत कोरडी. ला निनाच्या, म्हणजे मधला पॅसिफिक समुद्र नेहमीपेक्षा थंड पडतो त्या काळात मात्र इथे महिनोन् महिने पाऊस ओढ देतो. सप्टेंबर २०११ च्या अखेरीस तुवालूने आणीबाणी जाहीर केली. फुनाफुतीवर घरामागे दिवसाला दोन बादल्या, म्हणजे सुमारे ४० लिटर पाणी मिळत होतं आणि न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियातून समुद्राचं पाणी गोडं करणारी यंत्रं विमानाने आणावी लागली. वरच्या हिशोबात एका माणसाला धरलेले ४० लिटर त्या दिवसांत अख्ख्या घराला पुरवायचे होते. हे वाचून पोटात खड्डा पडतो.

त्या अनुभवानंतर फुनाफुतीवरच्या लोफेआगाई वस्तीत सुमारे ७०० घनमीटरचा सामाईक हौद झाला. घरची टाकी रोजच्यासाठी आणि सामाईक साठा टंचाईसाठी, त्याचा वापर कधी उघडायचा ते वस्तीने ठरवायचं. याच्या जोडीने पाणी न लागणारी, मैल्याचं खत करणारी शौचालयंही फुनाफुतीवर बांधली गेली, कारण टाकीतलं मोजकं पाणी संडासात ओतून टाकणं परवडणारं नव्हतं. प्रवाळद्वीपावर शौचालय हा पाण्याचाच प्रश्न आहे. ज्या प्रस्तावात तो वेगळा काढला असेल, तो अपुरा समजा.

इथे माझा कौल तुवालूला. किरिबाटीचा राखीव थर जास्त पाणी देतो, पण जमिनीचा वाद मिटल्याशिवाय त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. आणि तो वाद बाहेरच्या पैशाने मिटत नाही.

गावाशी बोलायचं कसं

प्रस्तावात ‘जनजागृती’ अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढे पोस्टरांचा खर्च. ही ओळ खोडून दुसरं काही मागा.

पोर्ट व्हिलात १९८९ पासून ‘वान स्मोलबॅग’ ही नाटकमंडळी काम करते आहे. आरोग्य, पर्यावरण, गावची भांडणं असे विषय ते बिस्लामा भाषेतून करतात आणि बेटाबेटांवर जाऊन खेळ लावतात. नाटकाची ताकद अशी की समितीचा पैसा खाणारा अध्यक्ष रंगमंचावर येतो, लोक हसतात आणि प्रयोगानंतर जे बैठकीत कुणी बोलत नव्हतं ते बोललं जातं. फिजीची राजधानी सुवा इथल्या ‘फेमलिंकपॅसिफिक’ या महिलांच्या माध्यमसंस्थेने २००४ पासून सुटकेसमध्ये मावणारं रेडिओ केंद्र गावोगावी नेलं, आणि माइकसमोर बसवलं ते बायकांना. दोन्हींची तुलना केली तर वाद बाहेर काढायला नाटक चांगलं, आणि टंचाईचा इशारा, वादळाची बातमी, टाकी कधीपासून जपून वापरायची हे सांगायला रेडिओ. बाटलीतली चाचणी मला या दोन्हींच्याही वर ठेवावीशी वाटते.

ती अशी: छोट्या बाटलीत रसायन लावलेली कागदाची पट्टी असते. त्यात नळाचं किंवा आडाचं पाणी भरायचं आणि खोलीतच ठेवून द्यायचं. पाण्यात मैल्यातून येणारे जंतू असतील, तर एक ते तीन दिवसांत ते काळं पडतं. ही पद्धत १९८२ साली भारतीय संशोधकांनी मांडली होती, आणि पुढे पॅसिफिकमधल्या गावांनी ती स्वतःच्या पाण्यावर वापरली. प्रयोगशाळेपर्यंत नमुना पोचायला जिथे बोटीचे दिवस लागतात, तिथे हा मोठाच आधार. चाचणी अचूक संख्या देत नाही, पण शाळेच्या खिडकीत आठ बाटल्या ओळीने ठेवल्या आणि त्यातल्या पाच काळ्या झाल्या, तर त्या पाच घरांना पोस्टर दाखवावं लागत नाही.

बैठक कुठे घेतली जाते हेही विचारा. किरिबाटीत गावची बैठक ‘मानेआबा’त, म्हणजे मोठ्या सभागृहात भरते आणि शब्द वडीलधाऱ्या पुरुषांचा असतो. वानुआटूत कित्येक ठिकाणी ‘नाकामाल’ हे पुरुषांच्याच बसण्याचं ठिकाण. पाणी भरणाऱ्या बायका आणि मुली त्या बैठकीत बोलत नाहीत, मग नळ चुकीच्या जागी लागतो. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. तसं काही वेगळं बसणं इथे झालं होतं का, आणि त्यातलं काय मोठ्या बैठकीत पोचलं, एवढं लेखी मागता येतं. वडीलधाऱ्यांना डावलून मात्र काही करू नका. मानेआबात ठरलेलंच टिकतं.

सही करण्याआधी

टाकीचाच प्रस्ताव आला आणि बेट प्रवाळाचं असेल, तर छपराचं क्षेत्रफळ विचारा. १०० चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की गळती धरून साधारण ८० लिटर मिळतात. त्यावरून टाकी किती मोठी हवी ते घरबसल्या काढता येतं. पन्हळी चांगल्या आहेत का, पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडायची सोय आहे का, तोटी तळापासून थोडी वर आहे का, हेही विचारा. छप्पर गंजलेलं असेल, तर टाकीचा पैसा आधी छपराला द्या. बेट डोंगराळ असेल, तर समितीच्या मागच्या दोन वर्षांच्या बैठकांची नोंद आणि पाणीपट्टीची वही मागा. वहीत जमा कमी असली तरी चालेल, पण ती लिहिलेली हवी. एकूण रकमेतला काही भाग तिसऱ्या वर्षाच्या भेटीसाठी बाजूला ठेवायला संस्था तयार नसेल, तर प्रस्ताव परत पाठवा आणि दुसऱ्या बेटाचा मागवा.