रिपीटर, मेश की सरळ केबल? जुन्या दुमजली घरातील वायफायचा अनुभव

साताऱ्यातील आमचे घर जुन्या बांधणीचे आहे. खालच्या भिंती दगडी, दीड-दोन फूट जाडीच्या, आणि फायबरचा डबा, म्हणजेच आमचा राउटर, बैठकीच्या खोलीत. माझी कामाची खोली मात्र वरच्या मजल्यावर, मागच्या अंगाला असल्यामुळे तिथे ५ गिगाहर्ट्‌झचा वेगवान पण जाड भिंतींत अडणारा पट्टा पोहोचतच नसे आणि लांब पोहोचणाऱ्या २.४ च्या पट्ट्यावर जे काही मिळे ते न मिळाल्यात जमा होते. राउटर हलवून, अँटेना फिरवून झाल्यावर मी आधी रिपीटर (राउटरचे वायफाय पकडून पुढे पाठवणारे उपकरण) घेतला, मग मेहुण्याचा मेशचा संच (एकमेकांशी जुळून घरभर एकच वायफाय पसरवणारे डबे) आठवडाभर मागून आणला आणि शेवटी भिंतीला भोक पाडून केबल ओढली. ज्यांना या तिन्हींतून एक निवडायचे आहे, त्यांना हा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

रिपीटरच्या वेगाबद्दल बरेच वाईट बोलले जाते आणि ते खोटे नाही. साधा रिपीटर ज्या पट्ट्यावर ऐकतो त्याच पट्ट्यावर पुढे बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. आमच्या १०० एमबीपीएसच्या जोडणीवर मला वर तीसच्या आसपास मिळत असे. परंतु व्हिडिओ कॉलला तेवढे पुरते, आणि हजार-दोन हजारांत आणखी काय अपेक्षा करावी? माझी तक्रार वेगळीच होती.

पावसाळ्यात आमच्याकडे वीज दिवसातून दोन-तीनदा जाते-येते. वीज आली की रिपीटर मिनिटभरात तयार होई, तर फायबरच्या डब्याला पूर्ण सुरू व्हायला तीन-चार मिनिटे लागत. तेवढ्या वेळात रिपीटरला राउटर सापडत नसे आणि नंतर तो शोधायचेही सोडून देई. मोबाइलवर मात्र सगळ्या दांड्या भरलेल्या दिसत, कारण त्या दांड्या मोबाइल आणि रिपीटर यांच्यातील जोडणी दाखवतात. रिपीटरचे पुढे राउटरशी जुळले आहे की नाही, हे त्यांवरून कळत नाही. “रेंज तर फुल्ल आहे, मग काहीच का उघडत नाही?” हा वडिलांचा प्रश्न मी पुण्यात कामाला गेलो असताना फोनवर किती वेळा ऐकला असेल, याची गणती नाही. त्यावर उपाय एकच: जिन्यातल्या एक्स्टेंशन बोर्डावरून रिपीटर काढायचा, दहा आकडे मोजायचे आणि परत लावायचा. एकदा रात्री आई बॅटरी हातात घेऊन त्यासाठी जिना चढली, हे कळले त्या दिवशी माझ्यापुरता रिपीटरचा विषय संपला. सगळेच रिपीटर असे वागतात असा माझा दावा नाही. राउटरला छोटा यूपीएस लावल्यास हा त्रास बराच कमी होतो, तो मी लावलाही होता. पण वीज बराच वेळ गेली आणि यूपीएस उतरला की पुन्हा तेच.

मेशबद्दल मला आदर आहे. एकच नाव, एकच पासवर्ड, कॉल चालू असताना खालून वर गेलो तरी आवाज तुटला नाही, आणि एखादा डबा सुटला तर ॲप तसे सांगते. भाड्याच्या फ्लॅटमध्ये, जिथे घरमालक खिळासुद्धा ठोकू देत नाही, तिथे मी निःशंकपणे मेशच घेईन. आमच्या घरात मात्र दोन डब्यांमधील संवाददेखील त्याच दगडी भिंतीतून व्हायचा होता, त्यामुळे वरचा वेग रिपीटरपेक्षा बरा असला, तरी संचाच्या किमतीच्या मानाने फारसा बरा नव्हता. मेशचे डबेही केबलने जोडता येतात, हे खरे. पण केबल ओढायचीच, तर कपाटात पडलेला जुना राउटर का वापरू नये, असा विचार मी केला.

वीस मीटर कॅट-सिक्स, म्हणजे नेटवर्कची, केबल खालच्या डब्यापासून बाहेरच्या भिंतीवरून पट्टीतून वरच्या खोलीत ठेवलेल्या जुन्या राउटरपर्यंत नेली. भोक पाडताना ते बाहेरच्या बाजूला किंचित उतरते ठेवायला सांगावे, नाहीतर पावसाचे पाणी केबलच्या कडेने घरात येते. जुन्या राउटरचा डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचे काम) बंद केला, कारण ते काम खालचा डबा करतोच, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ असा बदलला आणि केबल वॅनऐवजी (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या खाचेऐवजी) लॅनच्या, म्हणजे घरातल्या उपकरणांच्या, खाचेत लावली. दोन्हींकडे नाव-पासवर्ड तेच ठेवून २.४ साठी चॅनेल खाली १ आणि वर ११ दिले, म्हणजे दोघांचे संकेत एकमेकांत मिसळत नाहीत. वर आता नव्वदच्या पुढे वेग मिळतो. पहिल्या दिवशी तो नीट मिळत नव्हता, तेव्हा टोकाचा कनेक्टर पुन्हा बसवून घ्यावा लागला, एवढाच काय तो व्याप.

उणिवा यातही आहेत. मेशसारखी सफाईदार अदलाबदल होत नाही. वरून खाली आलो तरी मोबाइल बराच वेळ वरच्याच राउटरला चिकटून राहतो आणि कधीकधी वायफाय बंद-चालू करावे लागते. तसेच घराबाहेरून गेलेल्या तांब्याच्या तारेला विजांचे भय असते. त्यामुळे वळवाचे ढग जमू लागले की वडील आपणहून खालच्या डब्यातली केबल काढून ठेवतात. पाऊस ओसरल्यावर ती परत लावली की वर नेट सुरू होते, आणि तेवढ्यासाठी कोणाला जिना चढावा लागत नाही.